पहिला कागद फळ्यावर

प्रिंटर येऊन आठ दिवस झाले होते, तरी त्यातून एक कागद निघाला नव्हता. बिघाड काही नव्हता. नारळ फुटायचा राहिला होता, एवढंच.

ठोंबरवाडीच्या पाणी वापर संस्थेत नवी वस्तू आली की आधी हळदकुंकू, मग नारळ, आणि मगच तिला हात, ही चेअरमन मल्हारीआबांची रीत. प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या होत्या तेव्हा आबा लेकीकडे बारामतीला होते, तर माणसं चार दिवस सतरंजीवर बसली आणि खुर्च्या भिंतीला उभ्या राहिल्या. आतासुद्धा आबा बारामतीलाच होते. ते येणार शुक्रवारी, मीटिंगच्या दिवशी. तोवर प्रिंटरवर टॉवेल टाकलेला होता.

संस्थेची इमारत हायवेपासून आत, कालव्यातून निघणाऱ्या चारीच्या कडेला. खोल्या तीन. पुढं हॉल, एका अंगाला सचिवांची केबिन, मागं दूध केंद्र. तिन्हीकडे एकेक कॉम्प्युटर आणि तिघांत मिळून हा एक प्रिंटर. दुकानदाराच्या माणसानं तो हॉलमधल्या कॉम्प्युटरला वायरीनं जोडला, "आता बाकीच्या दोघांनाबी हितनंच मिळंल, शेअर केलाय" म्हणाला, चहा प्यायला आणि यवतची गाडी धरून गेला.

प्रिंटर केबिनमध्येच ठेवावा असं आधी ठरत होतं. सचिव चांगदेव नको म्हणाले.

"दिवसभर घरघर कोण ऐकणार? बाहेर राहू द्या. ताईबाई हाय की आणून द्यायला."

ताईबाई अकरा वर्षं संस्थेत होती. झाडलोट, पाणी, चहा, आणि कागदांची ने-आण. सचिव खुर्चीतून उठत नसत. बेल वाजली की आत जायचं, कागद घ्यायचा, ज्याचा त्याला द्यायचा. चांगदेव एकदा बँकेच्या साहेबाला तिच्यादेखत म्हणाले होते, "आमच्याकडं कागद फुटायचा प्रश्नच न्हाई. हिला काळं आन् पांढरं, एवढंच कळतं." साहेब हसला होता. ताईबाईनं दोघांचे कप उचलले होते.

तेव्हा ते खरंही होतं. पण दोन वर्षांमागं विहारात अंगणवाडीच्या सुरेखाबाईंनी रविवारी दुपारी चार बायकांना घेऊन बसायला सुरुवात केली. ताईबाई तेव्हा साठीला आली होती. वंदना म्हणताना दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत मागून म्हणायचं, त्यापेक्षा पुस्तिका आपल्या हातात धरून म्हणावी, एवढीच तिची हौस. चौदा महिने लागले. जोडाक्षर आलं की अजूनही बैल चिखलात थांबावा तशी ती थांबायची. पण साधी ओळ, माणसाचं नाव, आकडा, एवढं ती वाचायची. ऑफिसात तिनं हे कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

तिचं शेत चारीच्या शेवटाला, टेलला. तीस गुंठे, वतनातली पट्टी. तिथं तिच्या नवऱ्यानं, साहेबरावानं, लिंबाची साठ झाडं लावली होती. वीस वाळली. चाळीस उरली होती आणि यंदा त्यांना पहिल्यांदा फूल दिसत होतं.

सरकारी नियम असा की कालव्याचं आवर्तन सुटलं की पाणी आधी टेलला द्यायचं आणि मग वर वर यायचं. संस्थेच्या फळ्यावर पाळीपत्रक लागायचं तेही तसंच, टेलपासून. पण चार वर्षं टेलला पाणी वेळेवर आलं नव्हतं. चारीची दारं सांभाळणारा पाटकरी हनुमंत दर वेळी येऊन काहीतरी सांगायचा. वर फाट्याला भोक पडलं. कुणीतरी रातचं दार मोडलं. गळती लई हाय. दहाव्या दिवशी चारीच्या तळाला घोटाभर पाणी यायचं आणि तासाभरात तेही जिरायचं. साहेबराव दोन शेतं पलीकडच्या विहिरीवरून घागरी आणून झाडं जगवत होता. त्याची पासष्टी उलटली होती. एप्रिल लागला होता. हे आवर्तन हुकलं तर झाडं राहत नाहीत, हे नवरा-बायको एकमेकांशी बोलत नव्हते, कारण त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं.

शुक्रवारी सकाळी ताईबाईनं हॉल झाडला, सतरंज्या टाकल्या, फळा पुसला. दहाच्या सुमाराला स्कूटरवरून एक मुलगी आली. डोक्याचं हेल्मेट काढून तिनं आधी तोंड पुसलं. तिचं नाव करुणा. कारेगावची. आधी औद्योगिक वसाहतीत कंपनीत होती, आता प्रिंटर-कॉम्प्युटरची कामं करत शिरूर-दौंड दोन्ही तालुके फिरत होती. न्हावऱ्यावरून चौफुल्याला उतरून इथपर्यंत यायला तिला दीड तास लागला होता. दूध केंद्राच्या कॉम्प्युटरला प्रिंटर दिसत नाही, म्हणून तिला बोलावलं होतं.

ताईबाईनं पाणी दिलं. करुणानं टॉवेल उचलून प्रिंटर बघितला.

"मावशी, हॉलमधला कॉम्प्युटर कधी चालू केलाय का?"

"आठ दिस बंद हाय. नारळ न्हाई फुटला."

करुणानं तिच्याकडे बघितलं. ती थट्टा करत नाही हे कळल्यावर म्हणाली, "तरीच. प्रिंटर याच्या पोटाला बांधलाय. हा झोपला की बाकीच्यांना प्रिंटर कुठनं दिसणार?"

मग ती कामाला लागली. बोलत बोलत काम करायची सवय असावी. प्रिंटरला वायफायवर घेऊ, म्हणाली. मग कुणी झोपो की जागा राहो, जो तो सरळ प्रिंटरपाशी जाईल. आणि त्याला एक पक्का नंबर देऊन टाकू, न्हाईतर लाइट गेली-आली की नंबर बदलतो आन् परत बोंबाबोंब. ताईबाई दारात उभी राहून ऐकत होती. प्रिंटरच्या छोट्या काचेवर आकडे आले. ते तिनं वाचले.

एवढ्यात आबांची जीप आली आणि नारळ फुटायच्या आधी कुणी मशीन चालू केलं, म्हणून आबा दारातूनच ओरडले.

"मी नुसतं सेटिंग करतीय, आबा. कागद न्हाई काढला अजून."

"कागद न्हाई काढला ना? मग ठीक हाय. पहिला कागद लोकांसमोर. आन् हॉलमधला कॉम्प्युटर नारळ फुटल्यावरच लावायचा."

करुणानं मागं जाऊन दूध केंद्राचा कॉम्प्युटर जोडला. मग केबिनच्या दाराशी आली.

"साहेब, तुमच्या मशीनवर दोन मिनिटं बसू का? तुमचंबी सरळ जोडून देते. आन् आत काही प्रिंट अडकलेल्या असतील तर त्या पुसून टाकते."

चांगदेवांनी पडद्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"माझ्या मशीनला हात न्हाई लावायचा. संस्थेचं गोपनीय असतं यात."

"मी वाचत न्हाई काही. नुसती यादी पुसायची."

"काय अडकलेलं न्हाई. आहे तसं राहू दे. हॉलमधल्यातनं जोडलंय ना? तेवढं बास."

"बघा बरं. काही अडकलेलं असलं तर हॉलमधला चालू झाला की आधी ते निघंल."

"न्हाई म्हटलं ना, मॅडम."

करुणानं खांदे उडवले. ताईबाईनं दोघांना चहा दिला.

अडकलेलं होतं. ते असं झालं होतं, हे ताईबाईला मागाहून कळलं. सचिवांचा जुना लहान प्रिंटर नव्याच्या बदल्यात दुकानदारानं नेला होता. सोमवारी त्यांना हनुमंतला एक कागद द्यायचा होता. माणसं घरी गेल्यावर गुपचूप काढू, म्हणून त्यांनी केबिनमधून बटण दाबलं. बाहेर काही हललं नाही. परत दाबलं. मंगळवारी, बुधवारी, असं करत सात वेळा दाबलं. शेवटी वैतागून त्यांनी तो कागद हातानं लिहून दिला आणि विसरून गेले. प्रिंटर मुकाट आहे म्हणजे आपलं म्हणणं त्याला ऐकूच गेलं नाही, असं त्यांना वाटलं असावं.

दुपारी दोनला हॉल भरला. चारीवरचे चव्वेचाळीस खातेदार, त्यातले तीसेक आले होते. टेलकडची माणसं नेहमीसारखी दाराजवळ बसली. त्यांच्यात कोंडिबा होता. बाप मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचा, कोंडिबा मात्र याच चार एकरांत म्हातारा झाला होता. ताईबाईच्या शेताला लागून त्याचं शेत. जीभ तिखट.

"काय ताई, आज मशिनीचं लगीन हाय म्हणं?"

"व्हय आप्पा. अक्षता आणल्या का?"

"पाणी आणलं असतं, पर तेवढंच न्हाई आमच्याकडं."

आबांनी प्रिंटरला हळदकुंकू लावलं. झेंडूचा हार घातला. करुणा मध्येच म्हणाली, "आबा, हार जरा वर घ्या, कागद निघायचं तोंड झाकतंय." हार वर गेला. नारळ पायरीवर फुटला. आबा परत येऊन उभे राहिले आणि त्यांना चार शब्द बोलावेसे वाटले.

"मंडळी, आता सगळं उघड्यावर. पहिला कागद आपल्या पाळीपत्रकाचा निघंल. तुमच्या डोळ्यांदेखत. आन् ताईबाई, निघंल तो कागद उचलायचा आन् सरळ फळ्यावर लावायचा. कुणाच्या हातात द्यायचा न्हाई. तुझाच मान."

टाळ्या पडल्या. चांगदेवसुद्धा केबिनच्या दारात उभे राहून टाळ्या वाजवत होते. करुणानं हॉलमधला कॉम्प्युटर चालू केला. पाळीपत्रक त्यात आधीच घातलेलं होतं, ती ते शोधत होती, अजून तिनं काही दाबलं नव्हतं, तोच प्रिंटरच्या पोटात गुरगुर झाली आणि कागद बाहेर आला.

"जिवंत झालं!" कुणीतरी म्हणालं.

कागद पालथा पडला होता. ताईबाईनं उचलून उलटा केला. प्रिंटरपासून फळा दहा पावलं. त्या दहा पावलांत तिनं कागद वाचला.

वरच्या ओळीत जोडाक्षरं होती, ती तिनं सोडून दिली. खाली नावं होती. पहिलं नाव मल्हारीआबांचं. दुसरं चांगदेवांच्या भावाचं. मग सगळे वरचे, फाट्याजवळचे, ज्यांच्या उसाला चार वर्षांत कधी ताण पडला नव्हता ते. आकडे पुढं गेले. बेचाळिसाव्या आकड्यापुढं तिचं स्वतःचं नाव. त्याच्यापुढं दिवस नाही, वेळ नाही, दोनच शब्द. *शिल्लक राहिल्यास.*

तिचे पाय चालत होते. चार वर्षं दर आवर्तनाला सचिवांनी एक घडी घातलेला, टाचणी मारलेला कागद तिच्या हातात दिला होता. "हनुमंतला दे, दुसऱ्या कुणाला न्हाई." ती चारीवर जाऊन देऊन यायची. एकदा पावसात भिजू नये म्हणून पदराखाली धरून नेला होता.

मागून चांगदेवांचा आवाज आला. करुणाच्या हातून अजून काही दाबलं गेलेलं नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं.

"ताईबाई, थांब. तो कागद इकडं आण."

ती फळ्यापाशी पोचली होती. मागं वळली तर अकरा वर्षांची नोकरी शाबूत होती. कागद आत दिला असता तर कुणाला काही कळलं नसतं. सचिवांनी दुसरा कागद काढला असता, टेलपासूनचा, तो फळ्यावर लागला असता, आणि पाळीच्या दिवशी हनुमंत सांगायला आला असता की वर भोक पडलं.

"आबांनी लावायला सांगितलाय, भाऊसाहेब," ती म्हणाली आणि चारी कोपऱ्यांना टाचण्या मारल्या.

मागं प्रिंटर थांबत नव्हता. दुसरा कागद, तिसरा, चौथा. सगळे सारखेच.

कोंडिबा गुडघ्यावर हात देऊन उठला. खिशातून चष्मा काढला. फळ्यासमोर उभं राहून त्यानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, कारण मागच्यांना दिसत नव्हतं. "प्रत्यक्ष वाटप. पाटकरी प्रत. एक, मल्हारी..." हॉलमधली कुजबूज कमी कमी होत गेली. शेवटाला येईपर्यंत नुसता पंखा ऐकू येत होता. "एकेचाळीस, कोंडिबा, शिल्लक राहिल्यास. बेचाळीस, ताईबाई साहेबराव..." तो थांबला. चष्मा काढून त्यानं हनुमंतकडे बघितलं. "का रं हनुमंता? फाट्याला भोक पडलं व्हतं ना? त्ये भोक हितं हाय व्हय?"

मग जो आरडाओरडा झाला त्यात कोण काय म्हणालं हे सांगण्यात अर्थ नाही. हनुमंत खाली बघत होता. आबा दोन्ही हात वर करून "शांत, शांत" म्हणत होते. चांगदेव पुढं आले.

"अरं, त्यो कच्चा कागद हाय! चुकीचा निघाला!"

"कच्चा?" कोंडिबा प्रिंटरकडे बोट दाखवून म्हणाला. "आन् त्याच्या सात-सात प्रती?"

"मशीन बिघडलंय. मॅडम, सांगा की यांना, मशीनची चूक हाय."

करुणा हॉलमधल्या कॉम्प्युटरवर आलेली यादी बघत होती. "मशीन ठीक हाय, साहेब. केबिनमधनं सोमवारपासून हा कागद सात वेळा पाठवलाय. वाट बंद व्हती, आता मोकळी झाली. मशीन मनानं काही लिहीत न्हाई."

"मग त्यो फळ्यावर कुणी लावला? मी थांब म्हणत होतो." चांगदेवांनी आवाज खाली आणला, समजुतीचा केला. "आता बघा, ताईबाईला वाचता येत न्हाई. तिचा तरी काय दोष? निघाला कागद, लावला. चूक झाली. तिच्याकडनं तसं लिहून घेऊ आन् विषय मिटवू. काय आबा?"

आबांना मिटवायची घाई होती. "व्हय, व्हय. मिटवा."

सचिव केबिनमध्ये गेले. टाईप केल्याचा आवाज आला. त्यांनी बटण दाबलं आणि सवयीनं बेल वाजवली. प्रिंटरमधून कागद आला. ताईबाईनं तो उचलला, केबिनच्या दाराकडे निघाली आणि जाता जाता वाचला. *मी अशिक्षित असून मला लिहिता वाचता येत नाही. माझ्याकडून नजरचुकीने चुकीचा कागद फळ्यावर लागला. त्याबद्दल मी माफी मागते.* खाली तिचं नाव आणि अंगठ्याला जागा.

चांगदेव शाईचं पॅड घेऊन बाहेरच आले. "लाव हितं."

ताईबाईनं कागद त्यांच्यापुढं धरला.

"काय लिवलंय, वाचून दावा की. समद्यांसमोर. मला काय कळतंय त्यातलं?"

अंगठा घ्यायच्या आधी वाचून दाखवायचं, हे तर सोसायटीत, तलाठ्याकडे, सगळीकडेच चालत आलेलं. नाही म्हणता येईना. चांगदेवांनी भराभर वाचलं.

"चुकीचा लावला म्हंता," ताईबाई म्हणाली. "मग बरोबरचा कंचा?"

"तो आता काढतो की."

"पर त्यो कंचा, हे ह्यात कुठं लिवलंय? उद्या तुम्ही बरोबरचा लावाल, आन् परवा कुणीतरी म्हणंल, ताईबाईनं ह्योबी चुकीचाच लावला. मी अडाणी बाई. मला काय सांगता यायचं?"

दाराजवळून कुणीतरी "बराबर हाय" म्हणालं. कोंडिबा ताईबाईकडे बघत होता. त्यानं चष्मा परत चढवला.

"लिवा भाऊसाहेब," तो म्हणाला. "बरोबरचा कागद टेलपासनंचा, पाणी त्याच परमाणं सुटंल, असं लिवा. बाई अंगठा देतीया, तिला उगा घोर नको."

"लिवा, लिवा," हॉलमधून सुरू झालं.

चांगदेव परत आत गेले. या वेळी टाईप करायला जास्त वेळ लागला. ताईबाईनं नवा कागद आणला. सचिवांनी वाचून दाखवला. *अशिक्षित असून मला लिहिता वाचता येत नाही*, इथून परत सुरुवात झाली, आणि शेवटी टेलपासून पाळी सुरू होणारे पाळीपत्रक हेच खरे असून पाणी त्याप्रमाणेच सोडण्यात येईल, इथं संपलं.

"आन् पाणी काय मी सोडणार हाय का?" ताईबाई म्हणाली. "माझा एकटीचा अंगठा घिऊन काय करता? तुमची सही पायजे. आबांची पायजे. हनुमंताचीबी."

पहिली सही आबांनी केली. ते काय विचार करत होते कुणास ठाऊक. पहिल्या यादीत पहिलं नाव आपलं आहे हे आपल्याला माहीतच नव्हतं, असं ते त्या दिवशी दोनदा म्हणाले होते. मग चांगदेवांची सही. मग हनुमंतची, वाकडी.

मग पॅड तिच्यापुढं आलं.

तिला सुरेखाबाई आठवल्या. *क*ला काना देताना त्या तिचा हात धरायच्या. नाव पुरं लिहिलं त्या रविवारी त्यांनी विहारात पेढे वाटले होते. आता या कागदावर सही करता आली असती. सगळ्यांनी बघितलंही असतं. पण मग कागद खोटा झाला असता, पहिली ओळ खोटी म्हणजे शेवटचीही, आणि चांगदेवांना तेवढंच पाहिजे होतं.

तिनं अंगठा शाईत दाबला आणि कागदावर टेकवला. नीट उठावा म्हणून जरा फिरवला.

करुणानं टेलपासूनचं पाळीपत्रक काढलं. ताईबाईनं ते फळ्यावर लावलं, शेजारी हा सह्यांचा कागद. तिसरं नाव तिचं होतं. बुधवार, सकाळी नऊ ते दुपारी दोन. जुना कागद कोंडिबानं घडी करून खिशात टाकला. चांगदेवांनी तो मागितला नाही.

मीटिंग उठल्यावर करुणा स्कूटरला पिशवी बांधत होती. ताईबाई कपबशा विसळत बाहेरच्या नळावर बसली होती.

"मावशी, कागद नेताना तुमचे ओठ हलत होते."

ताईबाईनं कप पालथा घातला. "व्हय. मनातल्या मनात अजून जमत न्हाई."

"मग अंगठा का दिला?"

"चाळीस झाडं हायती, बाय."

करुणानं हेल्मेट चढवून पट्टा लावला. मग म्हणाली, "साहेबांचा कॉम्प्युटर तेवढा राहिला. परत बोलावतील तर येईन." आणि गेली.

चांगदेवांनी तिला परत बोलावलं नाही. ताईबाईला नोकरीवरून काढलंही नाही. ज्या बाईला वाचता येत नाही असं आपणच भरसभेत दोनदा वाचून दाखवलं, तिला वाचल्याबद्दल काढायचं तरी कसं? पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःसाठी वेगळा लहान प्रिंटर घ्यायचा विषय काढला. आबा म्हणाले, एक हाय की.

ही बातमी वस्तीत संध्याकाळच्या आत पोचली. कुणी म्हणालं, ताईबाईनं पाणी आणलं. कुणी म्हणालं, एवढं शिकून शेवटी अंगठाच. त्या रविवारी ती विहारात गेली नाही. डोकं दुखतंय, म्हणाली. त्याच्या पुढच्या रविवारी गेली. सुरेखाबाईंनी पुस्तिका तिच्या हातात दिली आणि पान काढून दिलं. त्या वेळी पानावर बोट ठेवून वाचताना तिचा आवाज नेहमीपेक्षा बारीक निघाला.

पण त्याआधी बुधवार आला.

सकाळी नऊला चारीतून पाणी आलं. घोटाभर नाही, चांगलं गुडघाभर. साहेबराव उजाडल्यापासून शेतात होता. त्यानं झाडांची आळी आदल्या दिवशीच साफ केली होती. दार उघडलं तेव्हा पाणी आधी धुळीत गुरफटत, पालापाचोळा ढकलत आलं आणि पहिल्या आळ्यात शिरलं. जमीन इतकी तापली होती की पहिलं आळं भरायलाच अर्धा तास गेला.

साहेबराव फावड्यानं पाणी फिरवत होता. मध्येच म्हणाला, "तू अंगठा दिलास म्हणं."

"दिला."

तो पुढच्या झाडाकडे गेला. तिथलं आळं भरल्यावर म्हणाला, "फूल गळायचं थांबंल आता."

दोन वाजायला आले तेव्हा एकतीस झाडं झाली होती. कोंडिबा बांधावर येऊन बसला. त्याची पाळी दोनपासून.

"किती राहिली?"

"नऊ."

"मग घे की अजून तासभर. मला काय, मी पाचालाबी घेईन. चार वर्षं थांबलोय."

"न्हाई, आप्पा. फळ्यावर दोन लिवलंय."

"तुला कुणी सांगितलं?" कोंडिबानं मिशीतल्या मिशीत हसून विचारलं. "तुझा तर अंगठा हाय."

"तुमीच वाचून दावलं की."

"मी दुसराच कागद वाचला व्हता, ताई."

आज तिनं तासभर जास्त घेतला असता तर उद्या दुसऱ्यानं दोन तास घेतले असते, आणि मग फळ्यावरच्या कागदाला कुणी विचारलं नसतं. तिनं लुगड्याचा काष्टा वर खोचला, चारीत उतरली आणि दाराची फळी खाली दाबून दगड ठेवला. पाणी क्षणभर फळीशी साठलं, मग कोंडिबाच्या सरीकडे वळलं. तो उठून फावडं घेऊन त्याच्यामागं धावला.

साहेबरावानं हात धुतले आणि घागर उचलली. तिनं दुसरी घेतली. नऊ झाडं, प्रत्येकी दोन घागरी. विहीर दोन शेतं पलीकडं.